दोन बहिणींच्या रक्तातला मी

मी एक जुनं जनुक आहे. बालमित्रांनो, माझं नाव विचाराल तर पंचाईत होईल. शास्त्रज्ञांनी मला काही इंग्रजी अक्षरं आणि त्यापुढे आकडे असं नाव ठेवलं आहे. रिक्षाच्या नंबरप्लेटवर शोभलं असतं. मी डोळ्यांना दिसत नाही आणि आजवर माझा कुणी सत्कार केलेला नाही. शिव्या मात्र अलीकडे भरपूर मिळतात. म्हणून ठरवलं, आपली बाजू एकदा आपणच सांगावी.

माझा जन्म चुकीतून झाला. तुमच्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत एक लांबलचक मजकूर असतो. आईवडिलांकडून मुलांकडे जाताना त्याची नक्कल होते. हजारो वर्षांपूर्वी कुणा एका माणसाच्या अंगात ही नक्कल होताना एक-दोन अक्षरं इकडची तिकडे झाली आणि मी तयार झालो. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुमच्या अंगातला बराचसा मजकूर अशाच चुकांतून आलेला आहे.

माझं काम पहाऱ्याचं आहे. शरीरात सापडलेले बारीकसारीक तुकडे उचलायचे आणि रक्तातल्या शिपायांना दाखवायचे. हा तुकडा घरचा की बाहेरचा? बाहेरचा असेल तर शिपाई तुटून पडतात. सोलापूरच्या नवी पेठेतल्या दुकानात जुना नोकर दारात उभा राहून गिऱ्हाईक कोण आणि चोर कोण हे ओळखतो ना, तसंच माझं. पिढ्यानपिढ्या मी इमानाने हे काम केलं. सोलापूर-अक्कलकोट भागात प्लेग आला, लोक घरं सोडून रानात झोपड्या बांधून राहिले, तेव्हा माझ्या घरची माणसं वाचली. त्यात माझा हात होता असं माझं मत आहे. शास्त्रज्ञ अजून मान हलवत नाहीत, आणि घरच्यांनी श्रेय अंगाऱ्याला दिलं.

पण माझ्यात एक खोट आहे, तीही सांगतो. मी जरा जास्तच दक्ष आहे. कधी कधी घरचाच तुकडा मी असा काही दाखवतो, की शिपायांना तो परका वाटतो. मग ते घरावरच तुटून पडतात. सांध्यांवर, कातडीवर, किडनीवर. या आजाराला ल्युपस म्हणतात. तो बहुतेक करून बायकांनाच होतो, तोही ऐन तरुणपणी. मी अंगात असलेल्या शंभरांतल्या बहुतेकींना तो कधीच होत नाही. माझ्या जोडीला आणखी बरीच जनुकं लागतात, ऊन लागतं, एखादा ताप लागतो, आणि आणखी काय काय लागतं हे अजून कुणालाच नीट माहीत नाही.

माझे भाऊबंद जगभर पसरलेले आहेत. आफ्रिकेतल्या लोकांत वेगळे, चीनमधल्या लोकांत वेगळे, युरोपातल्या लोकांत आणखी वेगळे. एका देशात जो भाऊ ल्युपसला कारण ठरतो, तो दुसऱ्या देशात निरुपद्रवी निघतो. म्हणून प्रत्येक ठिकाणच्या माणसांचं रक्त तपासून वेगळा हिशेब मांडावा लागतो. गोऱ्या लोकांचा हिशेब केव्हाच झाला. त्यांच्या रक्ताची पुस्तकंच्या पुस्तकं छापून झाली. आमच्या सोलापूरच्या माणसांची पानं कोरी होती. इतकी वर्षं इथे राबूनही माझी कुठे साधी नोंद नव्हती, मित्रांनो.

आता माझ्या घराबद्दल सांगतो. नवी पेठेत चनबसप्पांचं साड्यांचं दुकान आहे. घरात कन्नड, दुकानात मराठी. मी त्यांच्या बायकोकडून, सुंदरम्मांकडून या घरात आलो. सुंदरम्मांकडे त्यांच्या आईकडून आलो, त्या अक्कलकोटच्या शांतम्मा. सुंदरम्मांचा धाकटा भाऊ मृत्युंजय, त्याच्या अंगातही मी आहे. चनबसप्पांना दोन मुली, श्रीदेवी आणि महेश्वरी. दोघींनाही आईकडून मी मिळालो आणि वडिलांकडून माझा जोडीदार, म्हणजे माझ्याच जागेचं दुसरं जनुक, तेही दोघींना एकच मिळालं. सख्ख्या बहिणींच्या चार जोड्यांत असं एकदाच होतं. त्या वेळी या गोष्टीचं कुणालाच महत्त्व नव्हतं.

श्रीदेवी लहान होती तेव्हापासून ठरलेलं होतं, की तिला मामाला द्यायची. मृत्युंजयलाच. आमच्याकडे ही रीत आहे, आणि मुलगा निर्व्यसनी, अक्कलकोटात शेतीच्या अवजारांचं दुकान. श्रीदेवीलाही तो आवडायचा.

ती एकविसाव्या वर्षात असताना मी बिघडलो. सकाळी तिला बोटं मिटता येईनात. केस विंचरताना फणी भरून यायची. उन्हात गेली की दोन्ही गालांवर आणि नाकावर लालभडक चट्टे उठायचे. सुंदरम्मा म्हणाल्या, "उष्णता हाय, सब्जा घे की रोज." शेजारणींनी कोरफड सुचवली. श्रीदेवी चट्ट्यांवर पावडर लावायची आणि ओढणीने तोंड झाकायची. मृत्युंजय यायचा असला की दुप्पट पावडर.

नेमकं त्याच सुमारास आमच्या समाजाच्या मंगल कार्यालयात रक्ततपासणीचं शिबिर भरलं. डॉक्टर अंकिता नावाची एक तरुण डॉक्टर होती, मूळची नातेपुत्याची, संधिवात आणि ल्युपसवर शिकून आलेली. तिला आमचं ते कोरं पान भरायचं होतं. आजारी माणसांचं रक्त आणि निरोगी माणसांचं रक्त घ्यायचं, दोन्हींत कोणती जनुकं किती आहेत ते मोजायचं. मोठा आनंद झाला मला. म्हटलं, चला, आयुष्यात एकदा तरी कुणी आपल्याला मोजायला आलं.

चनबसप्पा समाजाचे सेक्रेटरी. त्यांनीच कार्यालय मिळवून दिलं, खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. लोक रक्त द्यायला बिचकू नयेत म्हणून पहिल्यांदा स्वतःच्या घरच्यांना रांगेत उभं केलं. सयाजी नावाचा लॅबचा माणूस रक्त घेत होता. त्याने विचारलं, "घरात कुणाला सांधेदुखी, तोंडावर चट्टे, केस गळणं?"

"न्हाय," चनबसप्पा म्हणाले. "आमचं घर ठणठणीत हाय की."

श्रीदेवीने वर पाहिलं. तोंडावर मास्क होता, कोरोना नुकताच सरत होता, त्यामुळे चट्टे दिसत नव्हते. तिने हात पुढे केला. तिची नळी निरोगी माणसांच्या पेटीत गेली. त्या नळीत मी होतो, मित्रांनो, आणि मला तोंड नव्हतं.

पण निरोगी माणसांच्या रक्ताचीही ल्युपसची एक चाचणी व्हायची होती. श्रीदेवीची चाचणी दिवा लागावा तशी लखलखली. डॉक्टर अंकिताने फोन केला. "काका, श्रीदेवीला घेऊन या. पुन्हा रक्त घेऊ, लघवी तपासू. वेळेत कळलं तर गोळ्यांवर चांगलं राहतं, घाबरू नका."

लग्नाला पाच आठवडे राहिले होते. पत्रिका छापून झाल्या होत्या. चनबसप्पा वाईट माणूस नाहीत, हे मी शपथेवर सांगतो. त्यांचं या मुलीवर महेश्वरीपेक्षाही जास्त प्रेम. म्हणूनच त्यांनी ते केलं.

"महेश्वरीला न्या," ते बायकोला म्हणाले. "तोंडाला मास्क असतोच. नाव श्रीदेवी सांगायचं."

"अप्पा, मामाला खरं सांगू या की," श्रीदेवी म्हणाली. "मामा काय परका हाय व्हय?"

"लग्न झाल्यावर सांगू. आधी सांगितलं तर तुजी आज्जीच लग्न मोडंल."

महेश्वरी तेव्हा सतराची. तिला कुणी काही विचारलं नाही. आईने हात धरून नेलं, तिने मास्कमागून अक्काचं नाव सांगितलं, बाही वर केली. अहवाल स्वच्छ आला. मित्रांनो, गंमत बघा. त्या रक्तातही मीच होतो. तोच मी, तिथे शहाण्यासारखा काम करत होतो. पण अहवाल माझा नव्हता, आजाराचा होता.

मग पहिल्या अहवालाचं काय? चनबसप्पांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "तुमच्या माणसानं नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या." खापर सयाजीवर फुटलं. त्याने हजारदा सांगितलं, की चिठ्ठी त्याने स्वतः लावली होती. शिबिराच्या कामावरून त्याला काढलं. श्रीदेवीचा नमुना यादीतून बाद झाला. तो बाद होताना मी पाहिला. कुणीतरी लाल पेनाने एक आडवी रेघ मारली.

गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर बरं होतं. पण सेक्रेटरीच्या मुलीची नळी बदलते म्हटल्यावर समाजात चर्चा सुरू झाली. उगाच कुणाच्या पोरीच्या नावावर भलता आजार लागला तर? चनबसप्पांनीच बैठकीत तोडगा काढला. "लग्नाच्या पोरींना ठेवा घरी. पुरुष येऊ देत, म्हाताऱ्या बायका येऊ देत. संख्या भरली म्हणजे झालं." सगळ्यांना पटलं, टाळ्या पडल्या. दोनशे जणांचं रक्त गोळा झालं. तरुण मुली त्यात जवळजवळ नव्हत्याच. जो आजार तरुण मुलींना होतो तो शोधायला माझ्या समाजाने पेन्शनर पाठवले. डॉक्टर अंकिताने हात जोडून घरोघरी जाऊन पाहिलं. तिला प्रत्येक घरात सरबत मिळालं.

लग्न थाटात झालं. श्रीदेवी अक्कलकोटला गेली. मामाला सांगायचं राहून गेलं. आधी अधिक महिना होता, मग दिवाळसण, मग तिला दिवस गेले आणि मग सांगायला तोंडच उरलं नाही. चट्टे कमी झाले होते. सगळ्यांना वाटलं, लग्न मानवलं. मी आत काय करत होतो हे मला विचारा. माझ्या इशाऱ्यावर शिपाई तिच्या किडनीची जाळी कुरतडत होते. मी थांबू शकत नव्हतो. लिहिलेला मजकूर स्वतःला खोडू शकत नाही, हे माझं दुःख तुम्हाला कधी कळेल का, ठाऊक नाही.

पाचव्या महिन्यात तिचे पाय सुजले. रक्तदाब वाढला. तिथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आधी काही आजार, काही तपासण्या? मृत्युंजयने अभिमानाने पाकिटातून चनबसप्पांनी दिलेला, प्लास्टिकमध्ये जपलेला तो अहवाल काढला. "हे बघा की साहेब. लग्नाआधी सगळं तपासलंय. एकदम क्लिअर."

डॉक्टरांनी ते वाचलं आणि ल्युपसचा विचार मागे टाकला. गरोदरपणातला रक्तदाब समजून उपचार झाले. अठरा दिवस गेले. एकोणिसाव्या दिवशी तिला सोलापूरला हलवलं तेव्हा पोटातलं बाळ गेलं होतं आणि लघवी जवळजवळ बंद झाली होती.

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या दारात शांतम्मा कडाडल्या, "चनबसप्पाच्या घराण्यातलं दुखणं हाय हे! माज्या घरात असलं कदी न्हवतं." आणि मी त्यांच्याच अंगात बसून हे ऐकत होतो. हसावं की रडावं?

चनबसप्पा खाली मान घालून उभे होते. आतले डॉक्टर पुन्हा पुन्हा तो अहवाल उलटून बघत होते. तेव्हा महेश्वरी पुढे झाली. ती आता अठराची होती. तिने तो कागद डॉक्टरांच्या हातातून घेतला.

"ते रक्त माजं हाय," ती म्हणाली. "अक्काचं न्हाय."

मृत्युंजय तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने चनबसप्पांकडे बघितलं. तो दवाखान्यातून निघून गेला आणि तासाभराने दोन सफरचंदं घेऊन परत आला. एक श्रीदेवीला दिलं, एक महेश्वरीला. चनबसप्पांशी मात्र तो त्या दिवसापासून बोललेला नाही.

त्यानंतर खरे उपचार सुरू झाले. जीव वाचला. किडन्या गेल्या.

दोन वर्षं डायलिसिस चाललं आहे. मृत्युंजयने अक्कलकोटचं दुकान गुंडा नावाच्या मित्रावर सोपवलं आणि सोलापुरात भाड्याची खोली घेतली. मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता आजार शांत आहे, किडनी बदलता येईल, घरातलं कुणी देणार का? सुंदरम्मांना साखर. चनबसप्पांच्या हृदयात दोन स्टेंट. मृत्युंजयचा रक्तगट बसेना. उरली महेश्वरी. "मी देते की," ती म्हणाली, विचारायच्या आधीच.

आणि मित्रांनो, मग माझी तपासणी झाली. किडनी देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची जी जनुकं जुळवून बघतात ना, ती आम्हीच. मी, माझा जोडीदार, आमचे शेजारी, सगळे. दोघी बहिणींचे सगळेच्या सगळे जुळले. डॉक्टर म्हणाले, असं जुळणं नशिबाने मिळतं. सुंदरम्मांनी देवापुढे दिवा लावला. नर्सने पेढे मागितले. आयुष्यात पहिल्यांदा माझी वाहवा झाली. मला वाटलं, एवढी वर्षं थांबल्याचं सार्थक झालं.

शेवटचा सल्ला घ्यायला सगळे डॉक्टर अंकिताकडे गेले. तिने महेश्वरीच्या तपासण्या पाहिल्या. सगळं स्वच्छ. पण ती लगेच होय म्हणाली नाही.

"एक गोष्ट सांगणं माझं काम आहे," ती म्हणाली. "दोघींची ही जनुकं एकसारखी आहेत, म्हणून किडनी छान जुळते. पण श्रीदेवीला ज्यामुळे आजार झाला, त्यातला काही भाग महेश्वरीतही आहे. ती वीस वर्षांची आहे. पुढे तिलाही ल्युपस झाला, तर तिच्याकडे एकच किडनी असेल."

चनबसप्पा पुढे सरकले. सगळा जन्म गल्ल्यावर गेलेला माणूस.

"किती धोका हाय? शंभरात किती? आकडा सांगा डॉक्टरीणबाई, म्हंजे काय ते ठरवता येईल."

डॉक्टर अंकिताने कपाटातून तिच्या अभ्यासाची छापील वही काढली आणि एक पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. गोऱ्या लोकांपुढे आकडा होता. चीनमधल्या लोकांपुढे होता. आमच्या लोकांची ओळ होती, पुरुषांपुढे आकडा होता, साठीच्या बायकांपुढेही होता. अठरा ते पस्तीस वयाच्या मुलींपुढे लिहिलं होतं, नमुने अपुरे.

"दुसऱ्यांचा आकडा लावता येत न्हाय व्हय?" चनबसप्पांनी विचारलं.

"लावून बघता येतो. पण तो तुमचा नसेल, काका. याच जनुकाचा परिणाम वेगवेगळ्या लोकांत वेगळा दिसतो. तुमच्या मुलींचा आकडा काढायलाच मी तेव्हा आले होते."

ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर त्यांना सोसलं असतं. चनबसप्पांनी त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं आणि त्यांना ते तिथून उचलवेना. त्यांना आठवली असणार ती बैठक, तो तोडगा आणि त्या टाळ्या. सुंदरम्मा तोंडात पदर धरून रडायला लागल्या.

"आकडा नसंना का," महेश्वरी म्हणाली. "मी देणार. माजी किडनी हाय."

सगळ्यांनी श्रीदेवीकडे पाहिलं. ती खिडकीपाशी बसली होती. हातावर डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली शीर. ती मामाकडे बघून, म्हणजे नवऱ्याकडे बघून, थोडी हसली. मग तिने महेश्वरीचा हात हातात घेतला.

"ब्याड," ती म्हणाली. आमच्या घरात मनापासून नको असलं, की ते कन्नडमध्येच म्हणतात. "तुज्या अंगातनं एकदा घेतलं माज्यासाठी. तुला न विचारता घेतलं. आता तू देतीयास तर मी घेत न्हाय."

"अक्का, मला काय होणार न्हाय गं."

"कोण सांगतंय तसं? डॉक्टरीणबाईंना म्हाईत न्हाय. अप्पांना म्हाईत न्हाय."

मलाही माहीत नव्हतं, मित्रांनो. मी त्या खोलीत दोघींच्याही अंगात होतो. एका बहिणीत मी घर जाळलं आणि दुसरीत मुकाट्याने पहारा देतो आहे. उद्या तिच्यात काय करीन, हे मला सांगता येत नाही. ते सांगणारं एकच पान होतं आणि ते माझ्याच माणसांनी कोरं ठेवलं.

तुम्ही लहान आहात. उद्या कुणी डॉक्टर तुमच्या दारात वही घेऊन येईल आणि विचारील, घरात कुणाला काय होतं? तेव्हा घरचं नाव राखायला खोटं बोलू नका. माझ्यासारखं कुणीतरी तुमच्याही अंगात बसलेलं आहे. त्याला लपवून ते जात नाही. आणि ज्या सयाजीवर खोटा आळ घेतला जातो त्याची माफी मागायला विसरू नका. चनबसप्पा अजून त्याला शोधताहेत, तो शहर सोडून गेला.

श्रीदेवी आता चोवीस वर्षांची आहे. परक्या माणसाची किडनी मिळावी म्हणून तिचं नाव यादीत लावलं आहे. यादी लांब आहे. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, ती त्या खुर्चीत बसते. आणि तिच्या शेजारच्या स्टुलावर महेश्वरी बसते, दोन्ही किडन्या शाबूत घेऊन.